कोरडा फडका खाली ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी लागली की दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत लॉजच्या आवारात सकाळी साडेसहा-सातला एक ठरलेले दृश्य दिसते. रात्री मुंबई-पुण्याहून आलेल्या गाड्या लाल धुळीने माखून ओळीने उभ्या असतात आणि लॉजवरचा मुलगा जुन्या टॉवेलचा तुकडा घेऊन एकेक गाडी खसाखसा पुसत असतो. पाहुणा उठायच्या आत गाडी चकाचक. पाहुणा खूश होऊन मुलाच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवतो. त्या पाच मिनिटांत बॉनेटवर शेकडो बारीक ओरखडे उठले हे दोघांनाही कळत नाही. सकाळच्या कोवळ्या उजेडात ते दिसतही नाहीत. पुढे कधीतरी पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली गाडी उभी राहते, तेव्हा दिव्याभोवती कोळ्याचे जाळे विणल्यासारखी वर्तुळे दिसतात आणि मालक गॅरेजवाल्याला म्हणतो, "जरा रबिंग मारून द्या."

आम्ही गाड्यांच्या रंगकामातली माणसे. रबिंगचे पैसे आम्हालाच मिळतात, तरीही हे लिहितो आहोत, कारण रबिंग, म्हणजे पेस्टने घासून केलेले पॉलिश, हे औषध नव्हे. गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर म्हणजे क्लिअर कोट, असे सगळे मिळून कंपनीतून येते ते साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला क्लिअर कोट जेमतेम 40-50 मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहूनही पातळ. उन्हापासून रंगाचा बचाव करतो तो हाच थर. ओरखडा घालवायचा म्हणजे आजूबाजूचा थर ओरखड्याच्या तळापर्यंत घासून खाली आणायचा. दर खेपेला काही मायक्रॉन जातात. दोन-तीनदा चालते, मग एक दिवस बॉनेटच्या कडेला पांढरट, पापुद्रे सुटलेला डाग दिसतो. तिथे पुन्हा रंग मारण्यावाचून इलाज नसतो.

कोकणात हे लवकर होते, त्याला आपली मातीच कारण. जांभ्याची धूळ पिठासारखी मऊ वाटते, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण ती लोहाच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांची, मधूनमधून गारेच्या म्हणजे क्वार्ट्झच्या कणांची. क्वार्ट्झ पोलादी सुरीपेक्षा कठीण असतो. प्लास्टिकसारख्या क्लिअर कोटाचा त्याच्यापुढे काय पाड? चिरेखाणीवरून येणाऱ्या डंपरच्या मागे चार किलोमीटर गाडी चालवली की हा सगळा माल बॉनेटवर येऊन बसतो. किनाऱ्याला त्यात वाळूची भर. रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत तर इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमच्या खनिजाचे जड दाणे असतात; वाऱ्याने आलेले असे दोन-चार दाणे फडक्याखाली सापडले तरी पुरे.

दुसरी गोष्ट मिठाची. पावसाळ्यात स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, ते सगळ्यांनी पाहिलेले आहे. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि स्वतःच त्यात विरघळते. गाडीवर बसलेल्या खाऱ्या वाऱ्याच्या थराचे हेच होते. किनाऱ्यालगत रात्री आर्द्रता पुष्कळदा या आकड्याच्या वर जाते. म्हणजे दिवसा कोरडी ठणठणीत दिसणारी गाडी अशा रात्री खारवणीत भिजलेली असते. जिथे दगड उडून रंगाचा टवका गेला आहे, तिथे गंज धरतो तो पावसाळ्यातच नव्हे, ऐन जानेवारीतही. मीठ पुसून जात नाही हे लक्षात घ्यावे. ओल्या फडक्याने ते एका पत्र्यावरून दुसऱ्यावर आणि फटींत सरकते. ते वाहूनच घालवावे लागते, आणि तेही गोड्या पाण्याने.

गोडे पाणी हीच तर अडचण. एप्रिल-मेमध्ये गावोगाव टँकर सुरू झाले की नळीने गाडी धुणे शोभत नाही, परवडतही नाही. नळी सोडून वीस मिनिटे धुतले तर दोनशे लिटर सहज जातात. किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. त्या पाण्याने गाडी धुतली तर गेलेले मीठ परत चढते. ओळखायची खूण सोपी आहे, साबणाला नीट फेस येत नाही. अशा पाण्याचे थेंब उन्हात वाळले की पांढरी कडी राहतात. (ताजी असतील तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, पत्रा थंड असताना मिनिटभर लावून, चांगल्या पाण्याने धुऊन टाकावे. भांडी लख्ख करणारे कोकमाचे आगळ वापरू नये; त्यात मीठ असते.)

तेव्हा पूर्ण धुणे दोन-तीन आठवड्यांतून एकदा, आणि मधल्या काळात पाच-सात लिटर पाण्यात भागेल अशी पद्धत, हे इथे जमण्यासारखे आहे. 'रिन्सलेस वॉश' नावाचे द्रावण आता गाड्यांच्या सामानाच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळते. नाव इंग्रजी असले तरी काम साधे. ते मातीच्या कणाला वेढून निसरडा करते, म्हणजे कण घासला न जाता फडक्याच्या लवेत शिरतो, आणि वरून पाणी ओतावे लागत नाही. प्रमाण बाटलीवर असते. बहुतेकांचे 10 लिटरला 30 ते 40 मिली. जास्त घालून जास्त स्वच्छ होत नाही, उलट पुसल्यावर धुरकट पट्टे राहतात. कपडे धुण्याची पावडर किंवा भांड्यांचा साबण याऐवजी चालेल का, असे नेहमी विचारले जाते. चालत नाही. तो चरबी काढण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे गाडीवरचे मेणही काढतो, आणि खळखळून धुतल्याशिवाय निघत नाही.

पाच लिटर द्रावण बादलीत करावे. त्यातले दीड लिटर हाताने हवा भरायच्या दोन लिटरच्या स्प्रे पंपात भरावे. पंप नवा घ्यावा. बागेत औषध फवारलेला पंप कितीही धुतला तरी गाडीला लावू नये. मायक्रोफायबरची सहा फडकी घ्यावीत, 40 बाय 40 सेंटिमीटरची, लव लांब असलेली, 350 जीएसएमच्या (चौरस मीटरला 350 ग्रॅम वजनाच्या) आसपासची. कडेचा कापडी शिक्का कापून टाकावा, तोही ओरखडे पाडतो. पाच फडकी बादलीत भिजत घालावीत, एक पुसायला कोरडे ठेवावे. टायर-रिमसाठी सातवे, जुने, वेगळ्या रंगाचे, म्हणजे अदलाबदल होत नाही.

गाडी सावलीत आणि पत्रा हाताला गार लागेल तेव्हाच सुरुवात करावी. सकाळी नऊच्या आत किंवा ऊन कलल्यावर. आधी टप, काचा आणि बॉनेट यांवर पंपाने भरपूर फवारावे आणि मिनिट-दीड मिनिट थांबावे. लोक नेमके इथेच थांबत नाहीत. धूळ भिजून सैल व्हायला वेळ लागतो. फवारल्या फवारल्या पुसले तर ते कोरडे पुसण्यासारखेच झाले. मग फडके हलके पिळून चार घडी घालावी. एका फडक्याच्या अशा आठ बाजू मिळतात. हाताचा भार न देता, फडक्याच्या स्वतःच्या वजनाने, एका दिशेला सरळ ओढावे. गोल फिरवायचे नाही. एक ओढ साधारण दोन फुटांची, मग बाजू पालटायची. आठही बाजू संपल्या की ते फडके बाजूला; पुन्हा बादलीत बुडवायचे नाही, नाहीतर सगळी बादली चिखल होते. ओलसर राहिलेला भाग लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा.

वरून खाली जावे: टप, काचा, बॉनेट, दरवाजांचा वरचा अर्धा भाग, डिकी, सगळ्यात शेवटी दरवाजांचा खालचा भाग आणि बंपर. खाली चाकांनी उडवलेली खडी असते; खालचे फडके वर नेले की सगळी मेहनत वाया. लहान गाडीला अर्धा तास लागतो.

हे कधी करू नये, तेही सांगायला हवे. पत्र्यावरून बोट ओढल्यावर रेघ उठली तर हरकत नाही. पण बोटाखाली कण कचकच लागले तर ही पद्धत नको. पावसाळ्यातला लाल चिखल, पुळणीवरून आलेली वाळू, फेरीबोटीवर उडालेले खारे पाणी, यांवर आधी गोडे पाणी ओतलेच पाहिजे. दोन बादल्या आणि एक तांब्या पुरतो. टपापासून हळूहळू सोडावे, चिखल स्वतःहून उतरू द्यावा, मग वरची पद्धत.

हिवाळ्यातल्या दवाचा मोह टाळावा. सकाळी गाडी दवाने ओली असते आणि फुकटचे पाणी म्हणून लोक त्यावरच फडका फिरवतात. आदल्या दिवशी गाडी स्वच्छ केली असेल तर दव टिपायला काहीच अडचण नाही. पण आठवडाभराच्या धुळीवर पडलेले दव म्हणजे आयती रबिंग पेस्ट. पाणी धूळ भिजवण्याइतके असते, वाहून नेण्याइतके नसते. मेण लावलेल्या सुती झाडणीचेही तसेच. घाटावर कोरड्या हवेत ती हलक्या हाताने चालते. आपल्याकडे मिठाने ओलसर झालेली धूळ तिला दाद देत नाही, मग माणूस जोर लावतो. आणि गाडीला नारळाचे सोडण किंवा काथ्या लावणाऱ्यांना काय सांगावे? ते कढईसाठी आहे.

धुळीपेक्षा घाई लागते ती झाडावरून आणि आकाशातून पडणाऱ्या गोष्टींना. पक्ष्यांची विष्ठा उन्हात वाळते, तेव्हा खालचा क्लिअर कोट तापून मऊ झालेला असतो. संध्याकाळी तो थंड होऊन आवळतो आणि वाळलेल्या थराचा साचा घेतो. म्हणून विष्ठा पुसली तरी जागा खडबडीत राहते. उन्हाळ्यात हे एका दिवसात होते. कागदी रुमाल द्रावणात किंवा साध्या पाण्यात भिजवून डागावर पाच-दहा मिनिटे ठेवावा, मग चिमटीने उचलून घ्यावा. नखाने खरवडायचे नाही. विष्ठेत वाळूचे आणि बियांचे कण असतात. जांभळांच्या दिवसांत वटवाघळे जी रंगपंचमी करतात, तिलाही हाच उपाय. पावसाच्या तोंडावर दिव्यांवर आणि बंपरवर चिकटणारी पाखरे अशीच भिजवून त्याच दिवशी काढावीत.

मोहोराच्या दिवसांत आंब्याच्या कलमाखाली गाडी लावली की काच चिकट होते. लोक त्याला झाडाचा चीक समजतात आणि थिनर शोधतात. तो चीक नसतो. तुडतुड्यांनी टाकलेला गोड चिकटा असतो. बागायतदारांना तो ठाऊक आहे, त्याच्यावरच पुढे काळी बुरशी चढते. साखर पाण्यात विरघळते, त्यामुळे कोमट पाण्यात भिजवलेले फडके दोन मिनिटे ठेवले की काम झाले. कैरीच्या देठाचा चीक मात्र वेगळा. हातावर उडाला तर कातडी भाजते, तो रंगाला सोडेल कसा? दिसताक्षणी गाडीच्या शाम्पूच्या पाण्याने धुवावा. फणसाच्या चिकाचे औषध प्रत्येक घरात आहे: फणस फोडताना विळीला आणि हाताला लावतो ते खोबरेल तेल. दोन थेंब डागावर लावून दहा मिनिटे थांबावे, चीक सुटला की टिपून घ्यावा आणि तेलाची जागा शाम्पूने धुवावी, नाहीतर तिथेच धूळ बसते. डांबराच्या ठिपक्यांनाही हेच चालते, वेळ जास्त लागतो इतकेच. थिनर आणि पेट्रोल रंगाजवळ आणूच नये, विशेषतः टच-अप केलेल्या जागी.

महामार्गाच्या कामातून उडालेले सिमेंटचे शिंतोडे त्याच दिवशी पाण्याने घालवावेत. वाळून कडक झाले की आमच्याकडे आणावेत, स्वतः खरवडू नयेत.

आता पातेऱ्याविषयी. वायपरच्या खाली जी काळी जाळी असते तिच्यात आंब्याची पाने आणि सुरूच्या काड्या जमतात. सुरूची काडी जाळीतून आत जाते आणि पाणी निघायची वाट बुजवते. मग पहिल्याच मोठ्या पावसात पाणी ब्लोअरमधून पायाशी येते आणि मालक म्हणतो, गाडी गळते. बॉनेट उघडून आठवड्यातून एकदा हाताने काड्या काढल्या तर दोन मिनिटांचे काम. तसेच दरवाजाच्या खालच्या कडेला बारीक भोके असतात. लाल मातीने ती बंद झाली की काचेच्या रबरातून उतरलेले पाणी दरवाजातच साचते आणि पत्रा आतून सडतो. काडेपेटीच्या काडीने ती मोकळी करावीत. काचेच्या रबरी पट्टीत पावसाळ्यात शेवाळ धरते, त्याला जुना टूथब्रश पुरतो. वायपरचे रबर ओल्या फडक्याने पुसले की काळी रेघ निघते. ती निघेपर्यंत पुसावे. रात्री समोरच्या दिव्यांनी काच पांढरी दिसते, त्यातला बराचसा दोष तिथल्या मिठाचा असतो.

पुळणीवर गाडी नेऊ नये. हे पर्यावरणासाठीही सांगितले जाते, रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टरने ओढतानाही दिसतात. आम्हाला त्या दोन वर्षांनी चेसिस गंजून येताना दिसतात. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडले, जयगड-तवसाळ अशा फेरीबोटींनी जाणे तर टळत नाही, आणि मासळीच्या गाडीतून रस्त्यावर गळणारे खारे बर्फपाणीही टळत नाही. तेव्हा मुक्कामाला पोहोचल्यावर, ब्रेक थंड झाले की, चाकांच्या वरची पोकळी आणि गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुवावे. बागेतला फिरता तुषार गाडीखाली सरकवून दहा मिनिटे चालू ठेवला तर वाकावेही लागत नाही. चाकाच्या पोकळीच्या कडेला आत वळलेली पत्र्याची पट्टी असते. तिथला चिखल बोटाने काढावा, कारण तो आठवडाभर ओला राहतो.

पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी पिंपात धरावे. पहिल्या दोन-चार सरींनी कौले धुऊन निघाली की पुढचे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते. त्याने धुतलेल्या गाडीवर वाळल्यावरही डाग फारसे राहत नाहीत. गाडी वहाळात किंवा पऱ्यात उभी करून धुण्याची जुनी सवय मात्र सोडावी. खाली कुणीतरी तेच पाणी भरत असते आणि गाडीच्या पोटाचे सगळे ग्रीस-तेल त्यात जाते.

आच्छादनाबद्दल थोडक्यात: धुळकट गाडीवर कव्हर घातले आणि वारा सुटला की ते सॅंडपेपरचे काम करते, आणि प्लास्टिकचे असेल तर आत घाम धरते. स्वच्छ गाडी, हवा खेळणारे कापड, घट्ट बांधलेले, असे जमत नसेल तर गाडी उघडी बरी. नारळाखाली लावू नये हे कोकणी माणसाला सांगायला नको, पाहुण्याला सांगावे.

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा काचेसारखा कडक थर, केले की गाडी पुसायला लागत नाही, हा समज विकणाऱ्यांनी पसरवला आहे. त्यावर माती कमी चिकटते हे खरे. पण पाण्याचे टपोरे थेंब होतात आणि मचूळ पाण्याचा थेंब जिथल्या तिथे वाळून कडी उमटवतो. कोरडा फडका तिथेही ओरखडेच पाडतो. साधे मेण किंवा सीलंट (मेणासारखेच काम करणारा कृत्रिम लेप) मेअखेरीस एकदा आणि पाऊस गेल्यावर एकदा लावले तरी पुष्कळ होते. पाणी टाकल्यावर थेंब न होता पसरत असेल तर मेण संपले असे समजावे.

फडकी धुताना सुती कपड्यांत मिसळू नयेत, त्यांचे तंतू लवेत अडकतात. कोमट पाणी, द्रवरूप साबण थोडा, कपडे मऊ करायचे द्रावण अजिबात नको. त्याने लव गुळगुळीत होते आणि पाणी ओढेनाशी होते. रस्त्याकडेच्या दोरीवर वाळत घालू नयेत. जमिनीवर पडलेले फडके झटकून परत वापरू नये, ते चाकांच्या ढिगात टाकावे.

लॉजमालकांना विनंती आहे की सकाळी गाड्या पुसणाऱ्या मुलाच्या हाती जुना टॉवेल न देता एक पंप, द्रावणाची बाटली आणि डझनभर फडकी द्यावीत, आणि पाहुण्याला विचारूनच गाडीला हात लावायला सांगावे. किनाऱ्यावर वाहनतळाचे पैसे घेणाऱ्या ग्रामपंचायतींनी जिथे गोडे पाणी आहे तिथे बाहेर पडायच्या वाटेवर एक नळ आणि खाली शोषखड्डा केला, तर पाय धुवायला येणारे पर्यटक चाकांवरही दोन तांबे ओततील. नळ दाबून धरल्याशिवाय पाणी येणार नाही असा बसवावा, म्हणजे टाकी दुपारपर्यंत टिकेल.

आपले,
गाड्यांच्या रंगकामाच्या व्यवसायातील काही वाचक,
रत्नागिरी